जास्वंदीपासून चार बोटं

माय, तुला लेन्सबद्दल विचारावं असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. कॅमेरा तू कधी हातात धरला नाहीस. पण बाकी सगळ्यांना विचारून झालं आणि गोंधळ तसाच आहे. तू गेल्यावर माझी दहावी अर्धवट राहिली, आता मी सानगडीच्या एका कृषी केंद्रात बसतो. शेतकरी किडलेलं पान घेऊन येतात. त्यांना दाखवायला धानावरच्या किडींचे फोटो हवेत, असं मालकांच्या मनात आहे. "साफ आले त हे काम तुलेच. नाही त नागपूरचा पोट्टा बोलावतो," असं त्यांनी सांगितलं आहे. कॅमेरा माझ्याकडे आहे, पण जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स नाही. साकोलीला लग्नाचे फोटो काढणारे एक दादा आहेत, त्यांनी आपल्या दोन जुन्या लेन्स दिल्या. दोन्ही वापरून पाहायच्या आणि उद्या एक परत करायची.

एक आखूड आहे, एक लांब. गंमत अशी की दोन्हींतून मुंगी तेवढीच मोठी दिसते. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. शेवटी दादांना फोन केला, "मग फरक कशाचा, दादा?" ते म्हणाले, "अंतराचा. आखूडवालीले चार बोटांवर जा लागते. लांबवाली वीतभर दुरून काढते, किडा उडत नाही, तुही सावली पडत नाही. येवढा इचार कायले करून राहिला? पोरगी पाहाले आला काय? लांबवाली घे न!" बरोबरच आहे त्यांचं. सकाळपासून मी तुझ्या जास्वंदीसमोर उकिडवा बसलो आहे. आखूड लेन्स लावली की माझीच सावली फुलावर पडते, मुंगी पाकळीखाली जाते, काचेला पराग चिकटतो. लांब लेन्सने मुंगीच्या पायावरचे केससुद्धा आले. म्हणजे उत्तर समोर आहे. तरी हात परत आखूड लेन्सकडे का जातो, ते मला कळत नाही.

याच झाडाखाली लहानपणीचा मी परडी घेऊन उभा आहे. शाळेत जायच्या आधी देवाची फुलं तोडायचं काम माझं. मी फूल डोळ्याजवळ नेतो, अगदी नाकाला टेकेल इतकं, आणि तू मागून हातावर चापट मारतेस. "देवाचं फूल हुंगून राहिला काहून रे? आता हे उष्टं झालं न!"

"हुंगत नाही माय, मुंगी पाहून राहिलो."

"मुंगी पाहाले नाकाले कायले लावतं? लबाड!" तू परडी काढून घेतलीस. त्यानंतर फुलं तूच तोडायचीस आणि मी ओट्यावरून पाहायचो. पाहायचो म्हणजे, लाल लाल काहीतरी हलताना दिसायचं.

मग रोवणीचे दिवस आले. मी धानाच्या बांधीत पाण्याची बादली घेऊन आलो, वाकलेल्या बायांमधल्या एकीजवळ गेलो आणि म्हणालो, "माय, पाणी." ती तू नव्हतीस. बाया चिखलात उभ्या राहून हसल्या. "काहून रे, दुसरी माय केली का?" तू मात्र हसली नाहीस. हातातली रोपं तशीच धरून माझ्याकडे बघत राहिलीस. रोवणी सुरू असतानाच तू मला एसटीने भंडाऱ्याला नेलंस आणि चष्मा करून आणलास. दुसऱ्या दिवशी सकाळी परडी माझ्या हातात दिलीस. "आता दिसते न?" मी हो म्हणालो. झाडं दिसली, वाटेवरून येणाऱ्यांचे चेहरे दिसले, चुलीजवळून तू माझ्याकडे पाहतेस हे दिसलं. फक्त मुंगी लहान झाली. तिला पाहायचं तर मी अजूनही चष्मा काढतो आणि जवळ जातो. मग लांबून जे स्वच्छ दिसतं, ते पाहिल्यासारखं का वाटत नाही? हे दादांना विचारलं असतं तर त्यांनी फोनच ठेवला असता.

काम हातचं जाऊ द्यायचं नाही, म्हणून सांजच्याला लांब लेन्स ठेवायचं ठरवलं. धानावरची कीड काही माझी वाट पाहत बसणार नाही. आखूड लेन्सवरचा पराग पुसला आणि तिला तिच्या डबीत बंद केलं. मग चष्मा काढून, कॅमेरा न घेताच झाडाजवळ गेलो. चार बोटांवर, आणि मग आणखी जवळ.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी खरंच हुंगत नव्हतो, माय. आज हुंगलं. जास्वंदीला वासच नसतो. लोक म्हणायचे, पण मी कधी खात्री करून घेतली नव्हती. तुला तरी कुठून माहीत असणार? तू तर सगळी फुलं देवाला दिलीस.