वैशूची जुनी जागा

गुरुवार, एकादशी. बोईसर.

वैशू काहीतरी लपवतेय. लेक माझी कंपायलर लिहिते, म्हणजे इतरांचे प्रोग्राम मशीनवर भरभर चालावेत असे करून देणारा प्रोग्राम. एखादी संख्या कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, एवढे दोनच आकडे त्यात साठवायचे. मशीनमधली जागा वाचते. काटकसर मला पटते, पण पुढे त्याच संख्येचे दोन तुकडे पडून दोनाचे चार आकडे झाले तर? वैशूला विचारलंच.

“जुन्याच जागेत ठेवते गं.”

“मावतात का बघतेस?”

“नाय मावायला काय झालं, आई?”

मी डाळसुद्धा बरणी बघून ओतते. पुन्हा विचारलं, “बघतेस का?” तिने स्क्रीन माझ्यापासून वळवली. उद्या काम द्यायचंय, त्यावर नोकरी पक्की व्हायची. उमरोळीला मावशीकडे जायचं सोडून लॅपटॉप उघडून बसलीय.

देवापुढे हात जोडले, पण मागू काय? माझा संशय खोटा ठरू दे, की आजच खरा ठरू दे?