चिंपांझीपेक्षा मासा जवळचा

४ जानेवारी, शनिवार
संकल्प: रोज अर्धा तास विज्ञान. इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत आयुष्य गेलं म्हणून मेंदू गंजत नाही.
निमित्त क्षिप्रा. अकरावी सायन्स. डोंबिवलीला इंटर-कॉलेज प्रदर्शन आहे, त्यात हिचा विषय: उत्क्रांती खरी आहे का, हे प्रथिनांवरून तपासणे. आयडिया अर्थातच नीलची. नील म्हणजे माझ्या बायकोचा, ऋजुताचा धाकटा भाऊ. पुण्याला लॅबमध्ये असतो, पीएचडी. आमच्याकडे नळ गळला तरी नीलला विचारतात.
क्षिप्राला म्हटलं, मामाला कशाला त्रास? बाबा आहे ना. ती म्हणाली, बाबा, तू बायोलॉजी दहावीनंतर सोडलेलीस. मी म्हटलं, हा बायोलॉजीचा प्रश्नच नाही, डेटाचा आहे. ती हो म्हणाली. जरा वेळाने.

५ जानेवारी, रविवार
विषय समजला. सोपा आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हे एक प्रथिन. ते अक्षरांच्या लांबलचक माळेसारखं लिहितात. प्रत्येक प्राण्याची माळ थोडी वेगळी. माणसाच्या माळेशेजारी दुसऱ्याची ठेवायची आणि किती अक्षरं वेगळी ते मोजायचं. डार्विन बरोबर असेल तर चिंपांझीत फरक सगळ्यात कमी, मग घोडा, मग कोंबडी, मग मासा. क्रम बिघडला की डार्विन अडचणीत. सगळ्या माळा इंटरनेटवर फुकट.
क्षिप्राने हा अंदाज आधीच तक्त्यावर पेनने लिहून टाकला. म्हणाली, नंतर फिरवाफिरवी नको. मुलीचा माझ्यावर विश्वास कमी आहे. तो वाढवणे.

११ जानेवारी, शनिवार
आठवडाभर ऑफिसात धुमश्चक्री. विज्ञान सोमवारपासून.

१२ जानेवारी, रविवार
सोमवारची वाट बघितली नाही. मोजणी पूर्ण.
घोडा १८. कोंबडी ३५. कार्प मासा ६८. चिंपांझी ८४.
परत मोजलं. ८४च! माणूस चिंपांझीपेक्षा माशाच्या जवळचा!! दीडशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. ठाण्याच्या वर्तकनगरमधून लक्षात आलं.
क्षिप्राने विचारलं, नक्की ना बाबा? म्हटलं, डेटा आहे. तिची युनिट टेस्ट होती, ती गेली अभ्यासाला. ऋजुता म्हणाली, नीलला एकदा दाखव. असला डेटा छापून यायच्या आधी कुणाला दाखवत नाहीत, हे हिला कोण सांगणार.
आईला मात्र सांगितलं. तिने फ्रीजमधले बांगडे कामवाल्या रंगूबाईंना देऊन टाकले. म्हणाली, इतके जवळचे असतील तर माझ्या कढईत नकोत. दुपारी दुधी.

१९ जानेवारी, रविवार
नीलचा फोन. ऋजुताने कळवलं असणार. भावोजी, चिंपांझीची फाइल परत एकदा बघाल का, म्हणाला. आवाजात मत्सर. बघतो म्हटलं. बघितली नाही.
दुधी.

२४ जानेवारी, शुक्रवार
प्रदर्शनाचा पहिला दिवस. मुलाखत वगैरे झालीच तर म्हणून निळा शर्ट. हाफ डे टाकून निघालो आणि शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो. पोचलो तेव्हा परीक्षक बाई येऊन गेलेल्या. क्षिप्रा टेबलामागे बसलेली, तक्ता उलटा करून ठेवलेला.
बाईंनी एकच विचारलं: चिंपांझीची ही अल्फा आहे की बीटा? हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या माळा असतात म्हणे. बाकी सगळ्यांची मी अल्फा घेतलेली, चिंपांझीची बीटा. वेबसाइटने वर जी दिली ती घेतली. वेबसाइटची चूक.
बाईंनी विचारलं, मोजलं कोणी? क्षिप्रा म्हणाली, मी.
हे मला तिच्या मैत्रिणीने, शिवानीने सांगितलं. क्षिप्राने नाही.
परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी रस्त्याच्या कामाबद्दल बोललो. बरंच बोललो.

संध्याकाळी
बाईंनी उद्यापर्यंत दुरुस्तीला वेळ दिलाय. दोघं बसलो. चिंपांझीची अल्फा काढली. फरक शून्य. म्हटलं, माणसाचीच फाइल दोनदा आली. क्षिप्राने वरचं नाव दाखवलं. चिंपांझीच. शून्य!
शून्य, अठरा, पस्तीस, अडुसष्ट. तिने पेनने लिहिलेला क्रम, जसाच्या तसा.
मग तिने स्वतःहून माणसाची अल्फा आणि माणसाचीच बीटा शेजारी ठेवली. ८४. म्हणजे माझी अल्फा माझ्याच बीटापेक्षा कोंबडीच्या अल्फाच्या जवळची. असं कसं? मामाला फोन, स्पीकरवर. मी हरकत घेतली नाही. नील म्हणाला, एका जुन्या जीनच्या दोन प्रती झाल्या, एकीची अल्फा, दुसरीची बीटा, आपण आणि कोंबड्या वेगळे होण्याच्या खूप आधी. तुमच्या चुकीतच ते दिसतंय, भावोजी.
क्षिप्रा खुर्चीतून उठून उभी राहिली. नुसती उभी. तिला असं कधी बघितलं नव्हतं. मीही उठलो. पाय आखडल्यामुळे.

२५ जानेवारी, शनिवार
या वेळी पहाटेच निघालो. क्षिप्राने दोन्ही तक्ते लावले, चुकीचासुद्धा. मी नको म्हणत होतो. बाई नेमक्या त्याच्यापाशीच जास्त रेंगाळल्या. ही चूक कोणाची, असं परत विचारलं. क्षिप्रा काही बोलायच्या आत मी म्हटलं, माझी. जरा मोठ्याने झालं. शेजारचे ज्वालामुखीवाले पण वळून बघायला लागले.
दुसरं बक्षीस.
घरी आईला समजावलं: चिंपांझीच जवळचा, मासा लांबचा, कोंबडी लांबची. ती म्हणाली, चिंपांझी आपण कुठे खातो? दुधी.

२६ जानेवारी, रविवार
चहाच्या वेळी क्षिप्राने जाहीर केलं. बारावीनंतर हेच करणार. पुण्याला, मामाकडे राहून. ऋजुताला आधीच माहीत होतं. नीललाही. मी म्हटलं, ठाण्यात काय कॉलेजं नाहीत? क्षिप्रा म्हणाली, आहेत ना. पण बाबा, याची गोडी तूच तर लावलीस मला.
म्हणजे प्रेरणा माझी. याची इथे नोंद असावी.
अजून दीड वर्ष आहे. ऋजुता म्हणाली, तिची खोली तुला होईल, विज्ञानाला. उजेड चांगला येतो तिथे.
नको म्हटलं. मला हॉलमध्येच बरं पडतं.