मार्थाची रायफल

चि. इनॉकला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू धाडलेला सुका सामन मासा मिळाला. लेकीकडे माझं बरं चाललंय. तुझ्या लेकीला, मार्थाला, मूसच्या, त्या थोराड हरणाच्या, शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, हे तू मलाच विचारलंस! ऐक तर.

जावयाची जुनी रायफल बघून मी चारचौघांत हसले, "एबल, ही काडतुसं सशासाठी का?" बिचाऱ्यानं दुकानातली सगळ्यांत दांडगी आणली. बार काढताना खांद्याला बसणाऱ्या तिच्या धक्क्याच्या भीतीनं तो बिचकला आणि गोळी मूसच्या पोटात लागली. माग काढत तिसऱ्या दिवशी मूस सापडला तेव्हा मांस नासलं होतं. एवढा जीव फुकट गेला.

मार्थाच्या खांद्याला सोसेल तीच घे, आणि कुणाला तिच्यावर हसू देऊ नकोस.

मी सांगतेय आणि हे पत्र एबलच लिहितोय. त्याला तोंडावर सांगवेना, म्हणून तुला सांगते : चूक माझ्या जिभेची. आता त्याचा हात थांबलाय. "लिही रे, गाळू नकोस."

तुझी ताई