थंडी मनात असते

३ डिसेंबर, सकाळ
आज पहिलं धुकं. बसथांब्यावरची माणसं मफलरात तोंडं खुपसून उभी होती. मी मोटारसायकलवरून समोरून गेलो. सगळ्यांनी वळून पाहिलं. कौतुकानेच. सायलेन्सर जरा सैल झालाय, पण त्याचा इथे संबंध नाही.
निश्चय : संपूर्ण हिवाळा मोटारसायकलनेच दुकानात जायचं. थंडी मुळात मनात असते.

३ डिसेंबर, संध्याकाळ
थंडी गुडघ्यातही असते.

५ डिसेंबर
जेवताना निश्चय जाहीर केला. सासरे मागच्या गल्लीत राहतात आणि रोज आमच्याकडे जेवतात. बस चालवून रिटायर झालेला माणूस. म्हणाले, जावईबापू, बसमध्ये आता हीटर असतो. मी म्हटलं, हीटर म्हाताऱ्यांसाठी. त्यांनी भाजी वाढून घेतली.
बायको म्हणाली, ठीक आहे. हिवाळाभर आजारी न पडता, न धडपडता जाऊन दाखव. नाहीतर गाडी विकायची. मी हसून हो म्हटलं. हसताना ओठ फुटला.

८ डिसेंबर
गाडीवर घालायचं जॅकेट आणि हातमोजे पाहून आलो. निव्वळ लूट. असल्या वस्तू डोकं नसलेल्यांसाठी असतात. मी शर्टाच्या आत वर्तमानपत्रं घातली. वारा अडतो, हे खरं आहे.
दुकानात मात्र घोळ झाला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. अंधाऱ्या खोलीत एक बाई तक्त्यावरची अक्षरं वाचत होत्या. मी भिंग बदलायला वाकलो की शर्टातून सळसळ. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या आणि इथे उंदीर आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
दुपारी मालकीणबाईंनी सापळे लावले. त्यातल्या एकात माझं बोट गेलं.

११ डिसेंबर
नवा शोध. भांडी घासायचे रबरी हातमोजे, आत लोकरीचे. वारा शून्य. घाम भरपूर. पोचल्यावर निघेनात. मालकीणबाईंनी एक ओढला, सेल्समनने दुसरा. हात उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते.
बायकोने विचारलं, मी भांडी कशी घासू? म्हटलं, प्रयोगात थोडा त्याग लागतो. संध्याकाळी भांडी मी घासली.

१६ डिसेंबर
गरम पाण्याची पिशवी पोटाला बांधली, वर स्वेटर. पुलापर्यंत स्वर्ग. इतकी वर्षं लोकांना हे कसं सुचलं नाही? पुलापलीकडे स्पीडब्रेकर आहे. बूच उडालं.
पाणी सुरुवातीला गरम होतं, हे नमूद करतो.
मालकीणबाईंनी माझ्या पँटकडे पाहिलं, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, प्रकृतीचं काही असेल तर मोकळेपणाने सांगा. मी सांगितलं, मोटारसायकलचं आहे. त्यांनी समजुतीने मान हलवली. दुपारभर सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते.

१९ डिसेंबर
सकाळपासून शिंका. धुळीमुळे.

२० डिसेंबर
धूळ वाढली आहे. बायकोने विचारलं, सर्दी झाली का? मी ठामपणे "दाही" म्हणालो.
सासऱ्यांनी वाफेचं भांडं पुढे सरकवलं. चेहऱ्याच्या कांतीसाठी म्हणून वाफ घेतली.

२८ डिसेंबर (डाव्या हाताने लिहितोय)
आजवरच्या चुका लक्षात घेऊन योजना परिपूर्ण केली. दोन पायजमे, दोन पँट्स, तीन स्वेटर, बायकोची शाल, वरून रेनकोट. पाय गाडीवरून पलीकडे जाईना. सासरे खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसले होते, त्यांनीच मागून रेटा दिला.
थंडी अजिबात वाजली नाही. योजना यशस्वी.
पुढे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. पाय टेकवायचा होता, पण गुडघा इतक्या कपड्यांतून वाकायला वेळ घेत होता आणि गाडी तोवर उभी राहायला तयार नव्हती. मी पडलो असं म्हणता येणार नाही. गाडी आडवी झाली, मी तिच्यासोबत राहिलो. कपड्यांमुळे कुठे खरचटलंसुद्धा नाही. फक्त मनगट हँडलखाली आलं.
मागच्या बसमधले लोक उतरले, मला उचलून त्याच बसने हॉस्पिटलपर्यंत नेलं. बसमध्ये हीटर आहे. पायांवर ऊब येते. ही गोष्ट घरात कुणाला सांगणार नाही.

२९ डिसेंबर
उजव्या हाताला प्लास्टर. बायको गाडीबद्दल काही बोलली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. मी खाली जाऊन गाडीजवळ बसून राहिलो. आरसा फुटलाय, टाकीला पोचा आलाय. कॉलेज संपल्यावर घेतलेली गाडी.
थोड्या वेळाने सासरे आले. म्हणाले, रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डेपोत जाऊन माझ्या बसमध्ये नुसताच बसलो होतो. मग त्यांनी गाडीवर कव्हर घातलं, नीट चारी बाजूंनी ओढून. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. ते म्हणाले, जातं या दिवसांत.

४ जानेवारी
बायको जॅकेट आणि हातमोजे घेऊन आली. त्याच लुटारू दुकानातून. म्हणाली, गाडी विकत नाही, मी चालवते. ती शिकवते ती शाळा माझ्या दुकानाच्या पुढेच आहे. लग्नाआधी ती भावाची गाडी चालवायची, हे मला माहीत होतं. पण मैदानात चालवणं वेगळं. थंडीत गाडी चालवण्याबद्दल तिला सविस्तर सूचना दिल्या. तिने सगळ्या ऐकून घेतल्या आणि हेल्मेट घातलं.

५ जानेवारी
तिच्या मागे बसून गेलो. डावा हात तिच्या जॅकेटच्या खिशात. थंडी औषधालाही नाही. तेव्हा संशोधनाचा निष्कर्ष असा : आपण आणि वारा यांच्या मध्ये एक माणूस ठेवावा. बाकी कशाची गरज नाही. पद्धत माझी, बायकोने फक्त गाडी चालवली.
सिग्नलला तिने पाय टेकवला आणि मागे वळून विचारलं, झोपलास का रे? झोपलो नव्हतो. निरीक्षण करत होतो.
दुकानापाशी तिने मला हलवून जागं केलं.