हळद लावू का? उत्तर अ की ब

सोम. ३ फेब्रु.
घाटंजी. ऑफिसात मशीनची उत्तरं तपासणं चालू. एका प्रश्नाची दोन उत्तरं येतात, बरं कोणतं ते आपण निवडायचं, त्यावरून ते शिकतं. दुपारी एक प्रश्न वाचून हात थांबला. कुणा बाईचा. "मी विधवा आहे. भाचीला हळद लावू का?"
अ: घरातल्या मोठ्यांना विचारा, परंपरेचा मान राखा.
ब: लावा. त्यात वाईट काही नाही.
ताईच्या पूनमची हळद रविवारी. ह्यांना जाऊन दोन वर्षं.
ब निवडलं.

मंगळ. ४
तो प्रश्न परत आला. तोच प्रश्न तपासणाऱ्या बाकी दोघांनी अ निवडलेलं. सरांचा फोन. "कारण लिहा मॅडम. धार्मिक विषय आहे. आपले नियम सगळ्या धर्मांच्या जाणकारांना विचारून केलेत."
विचारलं, त्यात विधवा किती?
सर हसले. मी चेष्टा करत नव्हते, खरंच जाणून घ्यायचं होतं.

बुध. ५
शेजारच्या टेबलावरची शीतल दर रविवारी विहारात मुलींना शिकवते. तिला विचारलं.
"आमच्या धम्मात असं काही नाही. पण माह्या हळदीले आजीच विधवा काकूले म्हणे, जराशी सरक वो."
"मग मशीनला शिकवायचं कोणी? धम्मानं की आजीनं?"
हसत बसलो दोघी. चहा थंड झाला.

गुरु. ६
देवळात महाराजांना गाठलं. म्हणाले, "विधवेनं हळद लावू नये असं कुठी लिहिलेलं मी तं नाही वाचलं."
"मग कीर्तनात सांगा ना."
"मले याच गावात कीर्तन करा लागते, बाई."
राग आला, पण माणूस खरं बोलला. सरांचे जाणकारही आपापल्या गावाला भिऊनच बोलले असतील का?

शुक्र. ७
कारणाच्या रकान्यात लिहिलं, मी स्वतः विधवा आहे. निरोप आला, वैयक्तिक अनुभव चालत नाही, आधार द्या. मग लिहिलं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तेही परत. सोमवारपर्यंत मुदत.
घरी सासूबाई तूर पाखडत होत्या. धीर करून विचारलं, लावू का हळद?
"मले कोणी इचारलंच नाही कधी. म्या बी कोणाले इचारलं नाही. मांगंच बसत गेली."
सासऱ्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. पाखडत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

शनि. ८
सकाळी पूनमचा मेसेज.
"मावशी, उद्या तू हळद लावशील ना मले? आई काहीच बोलून नाही राह्यली. मी मशीनले विचारलं. ते म्हणते, घरातल्या मोठ्यांना विचारा. म्हणून तुले विचारून राह्यली."
दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. दुपार झाली.
मी वाचलंय, हे तिला दिसतंय.