अजून सहा दिवस थंडी

१० डिसेंबर १९६८, मुडबी
पोचलो एकदाचा! बिदरकडच्या कल्याणहून बस दर गावाला थांबत आली, पण दोन्ही अंगांना फुललेली तूर बघून शीण गेला. सरकारी बीजमळ्यावर हवामान निरीक्षक ही माझी पहिली नेमणूक. आमच्या घरात सरकारी नोकरीत लागलेला पहिला माणूस मीच. निघताना आई सारखी म्हणत होती, भीमराज, कानटोपी घाल. काम सोपं आहे. सकाळी साडेआठला पांढऱ्या लाकडी पेटीतले तापमापक वाचायचे आणि रेडिओवरचा पुढच्या दिवसांचा अंदाज चावडीपुढच्या फळ्यावर मराठीत आणि कन्नडात लिहायचा. राहायला खोली मळ्यातच, गावापासून अर्धा मैल. व्यवस्थापक शिवशंकरप्पा स्वतः कंदील आणि घोंगडी घेऊन आले. जेवण आपल्याच बौद्ध वस्तीतल्या कोंडाबाई देणार. त्या विधवा आहेत, मुलगी शोभा शिवणकाम शिकते. भाकरी वाढता वाढता मावशींनी माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. बरं वाटलं.

१२ डिसेंबर
कडाका वाढला. किमान साडेनऊ अंश. धुई अशी दाट, की हात लागेपर्यंत पेटी दिसेना. आकडा टिपत असताना कुंपणापलीकडून कुणीतरी अदबीनं विचारलं, "मास्तर, थंडी किती दिवस हाय?" एखादा शेतकरी असेल, तुरीच्या फुलांची काळजी. रेडिओवरचा अंदाज माझ्या डोक्यात ताजा होता. ओरडून सांगितलं, "अजून सहा दिवस." लोकांना आपला उपयोग होतो याचा आनंद वाटला. तो गेला त्याची पावलं मात्र ऐकू आली नाहीत.

१३ डिसेंबर
धुईतून तोच आवाज. फक्त एक शब्द, "पाच." मी हसलो. ऊन पडल्यावर कुंपणाबाहेर जाऊन पाहिलं. गवतावरचं दव जसंच्या तसं होतं. कुणी उभं राहिल्याची खूण नाही.

१४ डिसेंबर
"चार." आज कुंपणाच्या आत, पेटीच्या पलीकडून. किमान सात.
कोंडाबाईंना सांगितलं तर त्यांच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली. "कामून बोललास त्याला?" एवढंच म्हणाल्या. मग तवा उतरवून सांगायला लागल्या. थंडीत धुई पडली की तो एकाला विचारतो. विचारलेला जेवढे दिवस सांगेल, तेवढेच त्याच्या आयुष्याचे. माझ्या आधीचे निरीक्षक रामाचार्य आठवडाभर म्हणाले होते. आठव्या सकाळी पेटी उघडी होती आणि त्यांच्या चपला दवात. त्याच्या आदल्या वर्षी ही जागा रिकामी होती, तेव्हा तो वस्तीत आला. कोंडाबाईंचे मालक माणिकराव अंगणात शेकत बसले होते. ते म्हणाले, दोन दिवस.
मी म्हटलं, मावशी, भुतंखेतं आपण बारा वर्षांपूर्वी सोडली.
"आपण सोडलो," त्या म्हणाल्या. "त्यानं न्हाई."
मला आधी कुणी का सांगितलं नाही, असं विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मळ्यात माणूस असला की त्यो गावात येत न्हाई. समद्यांला ठावं हाय. मला बी."

१५ डिसेंबर
"तीन." कानाशी. श्वास लागला नाही, नुसता गारवा.
पेटीत पाच अंश. रेडिओ म्हणतो बिदर, गुलबर्ग्यात किमान दहा.
शिवशंकरप्पांकडे रजा मागितली. थंडी सरल्यावर घ्या म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. अर्ज त्यांच्या टेबलावर टाकून दुपारची बस धरली. कोंडाबाई फडक्यात भाकरी बांधून धावत आल्या. "जा लेकरा. येऊ नगंस परत."

१६ डिसेंबर, मन्नाएखेळ्ळी
सकाळी लख्ख ऊन. हमरस्त्यावर ट्रकच ट्रक. चहावाल्या राजूबाईंनी हॉटेलामागची खोली दिली. धुई नाही. आवाज नाही. पोटभर जेवलो. मधूनच कोंडाबाईंचा चेहरा — तो विचार नको. उद्या हैदराबादची बस.

१७ डिसेंबर
दुपारी कोंडाबाईंचे दीर रामराव आले. ट्रकमागं ट्रक बदलून, मला शोधत.
काल सकाळी शोभा अंगण झाडायला बाहेर पडली. धुई दारापर्यंत. कुणी काही विचारलं नाही. नुसतं म्हणालं, "दोन."
आज, "एक."
पोरीनं तोंडही उघडलं नव्हतं. माझे उरलेले दिवस तिच्या —
मी म्हटलं, मावशींनी पाठवलं का? "न्हाई. तिला ठाव बी न्हाई." मग कामून आलात? रामराव रस्ता ओलांडून मुडबीकडं जाणाऱ्या ट्रकपाशी जाऊन उभे राहिले.
हैदराबादची बस आली. थांबली. गेली.

१८ डिसेंबर, मुडबी
सात वाजले. पेटीपाशी उभा. पेन्सिल धरवत नाही. पारा पार तळाला.
शोभा येतेय. अनवाणी. कोंडाबाई मागून दंडाला धरून ओढतायत, ती थांबत नाही. डोळे उघडे, पण —

ओरडलो. सहा दिवस मी सांगितले. भीमराज. तिनं काही सांगितलं नाही. ऐकतोयस का, मी —

थांबली. रडायला लागली. आईला बिलगली. कोंडाबाई माझ्याकडं बघून हात जोडतायत. मी खुणेनं सांगितलं, जा.
गेल्या दोघी. दिसत नाहीत आता.

धुई सरकतेय. वारा नाही तरी.
पाय गार पडले. गुडघ्यापर्यंत. हात अजून —

वही पेटीत ठेवतोय. ज्याला सापडेल त्यानं माझ्या आईला कळवावं, मी पळून गेलो होतो खरा, पण मी परत