पेज ती की पेज ते

आमगाव, दि. २२ मे २०१४

ती. परसरामभाऊ यांना जावई उदाराम याचा रामराम.

सुंदरवहिनींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. तेंदूपत्त्याचा फड उठला का, की अजून तुमचं पुडके मोजणं चालूच आहे? इकडे मी ठणठणीत आहे, दुकानही ठणठणीत आहे. (भांड्यांचं दुकान ठणठणीतच असणार, ही कोटी नाही, वस्तुस्थिती आहे.) शामकला तुमच्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. तिने माहेरी खुशाल राहावं, धानाची रोवणी होईपर्यंत राहावं, माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः येऊन तिला घेऊन गेलो असतो, पण लग्नसराईत दुकान सोडता येत नाही हे तुम्ही जाणता. तुम्ही फोन उचलत नाही, फेसबुकवर मला ब्लॉक करून टाकलं, म्हणून हे कागदी पत्र. कागदाला अजून कोणी ब्लॉक करत नाही. फाडायचं तर फाडा, पण आधी माझी बाजू वाचून मग फाडा.

सुरुवात केवलरामपासून झाली. त्याने आमच्या दुकानासमोर स्टील सेंटर टाकलं. टाकलं तर टाकलं, फेसबुकवर दुकानाचं पेजही काढलं. रोज सकाळी एका डब्याचा फोटो आणि खाली सुविचार. डबा तोच, सुविचार तेवढा बदलतो. भाऊ, आमगावात सध्या अशी हवा आहे की ज्याचं पेज नाही त्याचं दुकानच नाही. सलूनवाल्याचं पेज आहे, चक्कीवाल्याचं आहे, पंक्चरवाल्याचं आहे. (रस्त्यात पंक्चर झालेला माणूस आधी पेज बघतो का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणे, जमाना बदल गया भाऊ.) मयतीचं सामान विकणाऱ्याच्या पेजवर तर ‘पुन्हा अवश्य या’ असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. तेव्हा शामकलाने चार दिवस माझा मोबाईल ताब्यात घेतला आणि ‘उदाराम भांडी भांडार’चं पेज काढून दाखवलं. बाई हुशार आहे, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. मनात म्हणालो होतो, तेवढं चुकलं.

आता पेज निघालं हे लोकांना कळावं कसं? मी ओमेश्वर पेंटरला कागदावर लिहून दिलं, ‘आमचे पेज सुरू झाले आहे. लाईक करा.’ हा ओमेश्वर शाळेत मराठीत पहिला आला होता आणि ते तो अजून विसरलेला नाही. कागद वाचून म्हणतो, “उदारामभाऊ, पेज ते नसते, पेज ती असते. तांदळाच्या कनकीची पेज, गरम पेज. असी चुकी मी माया हातानं नाही करणार.” आणि त्या शहाण्याने हातभर अक्षरांत रंगवलं, ‘आमची पेज सुरू झाली आहे. सर्वांनी लाभ घ्यावा.’ (लाईक करा हे त्याला पंगतीत बरं दिसेना.) मी बोर्ड वाचला, नाही असं नाही. मला वाटलं, काना-मात्रेचा फरक आहे, कोण एवढं बघतं!

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मे महिन्यात आपल्याकडे कोणी पाणपोई लावतो, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याला आंबील पाजतो, तेव्हा लोकांना चूक तरी कशी म्हणावी? सकाळी दहाच्या सुमारास रुख्माबाई लोटा घेऊन हजर. “पेज कोठी आहे गा, बापू?” मी आनंदाने मोबाईल पुढे केला. म्हटलं, ही बघा. म्हातारीने आत डोकावून पाहिलं, मोबाईल उलटा करून पाहिला. “येच्यात तं रिकामे भांडे दिसून रायले! पेज काऊन लपवून ठेवली?” तिच्यामागे चाळीसएक माणसं, प्रत्येकाच्या हातात लोटा, गिलास, डबकी. एकाने तर आमच्याच दुकानातलं पातेलं उचललं होतं. मी त्यांना इंटरनेट समजावून सांगायला लागलो. भाऊ, उन्हातून चार कोस चालत आलेल्या माणसाला इंटरनेट समजावून सांगू नये. कोणीतरी म्हणालं, “बोर्ड लावून गरिबाची थट्टा करून रायला!” समोर केवलराम खुर्ची टाकून बसला होता.

अशा वेळी शामकला पुढे झाली. दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं, तो विकाऊ गंज, तिने खाली उतरवला (कंपनीचं स्टिकर तसंच होतं), घरून कनकी आणली, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि तासाभरात पेज तयार. लोक प्यायले. लोक दुसऱ्या दिवशीही आले. असे अकरा दिवस! शामकला धुरात आणि मी गल्ल्यावर. पिणाऱ्याला विचारावं, कशी आहे? तो मिशा पुसत म्हणे, “लाईक हाये.” एक लोटा दोघांत पिणारे शेअर करत होते, आणि घरापर्यंत गंजामागे येणारी कुत्री फॉलो करत होती. मी रोज गर्दीचा फोटो टाकायचो आणि त्या पेजचे लाईक भराभर वाढायचे. (ह्या पेजचे नाही, त्या पेजचे.) केवलरामचा डबा पार मागे पडला.

मग माझ्या डोक्यात हवा गेली. बोर्डाखाली मी खडूने लिहिलं, ‘आमची पेज व्हायरल झाली!’ दुसऱ्या दिवशी चिटपाखरू नाही. दुपारी एक नर्सबाई मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन आल्या आणि किती जणांना ओकारी झाली ते विचारू लागल्या. मी म्हटलं, एकालाही नाही. त्यांनी वहीत लिहिलं, ‘दुकानदार रोगी लपवतो.’ शेवटी रुख्माबाईनेच अब्रू वाचवली. तिने नर्सबाईंसमोर तीन लोटे रिचवले आणि म्हणाली, “मले तं काही झाला नाही. तूही पे.” नर्सबाई प्यायल्या, आणि जाताना लोणचं आहे का म्हणून विचारून गेल्या.

इथवर सगळं ठीक होतं. मग तो ‘राजा बाबू’ नावाचा इसम उगवला. त्याने फोटोखाली लिहिलं, ‘पेज फिकी आहे. करणारीच्या हाताला चव नाही.’ आता माझी सवय तुम्हाला माहीत आहे. दुकानात येईल त्याला मी रामराम करतो, घेवो न घेवो. तसंच पेजवर कोणीही काहीही लिहिलं की मी लाईक दाबतो. तसाच तिथेही दाबला. तुम्ही देवरीत बसून तो अंगठा पाहिला आणि बहिणीला फोन केला. तिने गंज घासला, स्टिकरसकट जागेवर ठेवला, पेजचा पासवर्ड बदलला आणि देवरीची बस धरली. अकरा दिवस जी माझ्यासाठी धुरात उभी राहिली, तिला मी साऱ्या तालुक्यादेखत अंगठा दाखवला, असं तिला वाटलं असेल तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मूळ अपराधी तो राजा बाबू आहे. माझा संशय केवलरामवर आहे. मी त्याच्या दुकानात जाऊन चार माणसांत त्याला वाटेल तसं बोलून आलो. तो आपल्या लेकरांची शपथ घेत राहिला, मी ऐकलं नाही.

वहिनींना रामराम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
उदाराम

ता.क. : शामकलाला विचारून पासवर्ड तेवढा कळवावा. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

ता.क. दुसरं : कारण एवढंच नाही. राजा बाबू मीच आहे. लाईक वाढावेत म्हणून मी ते दुसरं खातं उघडलं होतं. त्यावरून नऊ वेळा ‘वा वा’ लिहिलं. मग वाटलं, सगळंच गोड दिसलं तर लोकांना खोटं वाटेल, म्हणून एक कडू लिहिलं. पुढे कोणत्या खात्यात आहे हे विसरलो आणि स्वतःलाच लाईक दिला. केवलराम निर्दोष आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही. शामकलाच्या हाताला चव आहे. बावीस वर्षं मी जेवतो आहे आणि एकदाही तसं म्हणालो नाही. हे पत्र तिलाच वाचायला द्या.

ता.क. तिसरं : वर आमगाव लिहिलं आहे, पण मी आमगावात नाही. सकाळीच शटर पाडून पहिल्या बसने देवरीला आलो आणि तुमच्या घरासमोरच्या टपरीवर बसून हे लिहितो आहे. हा पाचवा चहा. हे पत्र आणून देणारा टपरीवालाच आहे, त्याच्याजवळच उत्तर द्या. तिच्याशिवाय मला घरात करमत नाही. इथून तुमचं दार बंद दिसतं आहे. आतून कडी आहे की नुसतं लोटलं आहे, तेवढं कळवा.